माकडचेष्टा माकडाला कोण शिकवतं?

‘माकडचेष्टा’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्यात एक दावा दडला आहे, तो मात्र सहसा लक्षात येत नाही. चेष्टा हा माकडाचा स्वभावच, त्याला ते कोणी शिकवावं लागत नाही, असा तो दावा. गेल्या अडीचशे वर्षांत गावोगाव हिंडलेल्या सर्कशींचा इतिहास पाहिला तर उलटंच दिसतं. माकडाला चेष्टा शिकवाव्या लागल्या, त्यासाठी माणसं पगारावर ठेवावी लागली, आणि तो अभ्यासक्रम बराच कठीण होता.

सर्कशीतल्या माकडांबद्दल आज दोन मतं ऐकू येतात. एक हळहळीचं: पूर्वी काय मजा होती, चिंपांझी सायकल चालवायचा, टेबलावर बसून चहा प्यायचा, आता पोरांना हे कुठे बघायला मिळणार? दुसरं कळवळ्याचं: ते सगळं क्रौर्य होतं, बंद झालं ते बरं झालं. दुसरं मत मला पटतं, पण पुरेसं वाटत नाही. वाघाचा खेळही क्रौर्याचाच होता, हत्तीचाही. तरी वाघाला कोणी कोट घातला नाही आणि हत्तीला सिगार ओढायला दिली नाही. कपडे, बशी, टोपी, चष्मा हे सगळं माकडाच्याच वाट्याला का आलं, हा प्रश्न दोन्ही मतं ओलांडून पुढे जातात.

माझं म्हणणं असं. सर्कशीतला माकडाचा खेळ हा प्राण्याच्या हुशारीचा खेळ नव्हता. माणसाची जागा कुठे आणि इतरांची कुठे, याबद्दलचा तो एक युक्तिवाद होता. त्या युक्तिवादात माकडाने हरणं गरजेचं होतं. ते आपणहून हरत नव्हतं, म्हणून हरणं शिकवावं लागलं.

(एक खुलासा. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना शेपूट नसतं आणि शास्त्राच्या हिशेबात ती माकडं नव्हेत. पण तंबूबाहेरच्या रांगेत सगळ्यांना ‘माकड’च म्हणत, आणि हा लेख त्या रांगेतल्या नजरेबद्दल आहे.)

१. तबेल्यातून आलेला पाहुणा

आधुनिक सर्कस घोड्यांच्या पोटी जन्मली. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या माजी घोडदळ सैनिकाने गोल रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. रिंगण गोल, कारण गोलात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभं राहताना तोल साधतो. आपल्याकडची कथाही तबेल्यातच सुरू होते. विष्णुपंत छत्रे कुरुंदवाड संस्थानच्या पागेत घोडे शिकवत. इटालियन सर्कसवाला कियारिनी मुंबईत आला, त्याचा खेळ पाहून छत्र्यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली.

माकड या घोड्यांच्या मागोमाग आत आलं, आणि तेही काही अचानक नाही. तबेल्यात माकड बांधण्याची चाल आशियात फार जुनी आहे. घोड्यांवरचं रोगराईचं संकट माकड स्वतःवर घेतं, अशी समजूत होती. हिंदीतली ‘तबेले की बला बंदर के सिर’ ही म्हण तिथलीच. पंचतंत्रात राजाच्या पागेला आग लागते आणि भाजलेल्या घोड्यांवर उपचार म्हणून राजवाड्यातल्या वानरांच्या चरबीची मागणी होते, ती गोष्ट आठवावी. जपानमध्ये तर माकड नाचवण्याची ‘सारुमावाशी’ ही कला तबेल्यातल्या विधीतूनच पुढे आली, असं एमिको ओनुकी-टिअर्नी या मानवशास्त्रज्ञ बाईंनी मांडलं आहे. बाहेरची बला आपल्या अंगावर घेणारा, असं माकडाचं पहिलं काम होतं. पुढे बला बदलली. काम मात्र तेच राहिलं.

रिंगणातला माकडाचा एक जुना ठरलेला खेळ म्हणजे तट्टाच्या किंवा कुत्र्याच्या पाठीवर बसलेला जॉकी. लाल डगला, टोपी, हातात लगाम. आधी खरा घोडेस्वार कसरती करून जातो, मग हा येतो आणि अर्ध्या फेरीत कलंडतो. प्रेक्षक हसतात ते घोडेस्वाराला.

२. आधी चेष्टा वरच्यांची होती

हा मुद्दा सहसा सुटतो. अठराव्या शतकातल्या जत्रांत आणि नाटकशाळांत माकड वरच्या दिशेने चेष्टा करत असे. १७६७ साली मोले हा पॅरिसचा लाडका नट आजारी पडला आणि उमराव घराण्यांतल्या बायका त्याच्या प्रकृतीने व्याकूळ झाल्या. निकोले या खेळवाल्याने आपल्या माकडाला रात्रीची टोपी आणि सपाता घालून मंचावर आणलं, आणि माकडाने आजारी मोलेचे चोचले करून दाखवले. शहर लोटलं. पुढे १७८० च्या दशकात ॲस्टलीच्याच रंगमंचावर ‘जनरल जाकू’ नावाचं माकड दोरीवर चालत होतं. त्याचा हुद्दा पाहा: जनरल. माजी सार्जंट-मेजरच्या सर्कशीत माकडाला सेनापती करण्यात मिश्कीलपणा होताच.

वेशधारी माकड म्हणजे जन्मतःच अपमानकारक, असं म्हणूनच मला म्हणता येत नाही. तमाशातला सोंगाड्या पाटलाची नक्कल करतो तेव्हा खिल्ली पाटलाची असते, सोंगाड्याची नसते. निकोलेचं माकड सोंगाड्या होतं.

३. मग दिशा फिरली

१८५९ च्या नोव्हेंबरात डार्विनचा उत्पत्तीवरचा ग्रंथ आला. काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये पी. टी. बार्नमने ‘हे आहे तरी काय?’ अशा नावाचं एक प्रदर्शन मांडलं. माणूस आणि वानर यांच्यामधला दुवा म्हणून केसाळ कपडे चढवून उभा केलेला तो एक कृष्णवर्णीय माणूस होता. १८८३ साली लंडनमध्ये क्राओ नावाची, अंगावर दाट केस असलेली आग्नेय आशियातली लहान मुलगी ‘हरवलेला दुवा’ म्हणून दाखवली गेली. आणि १९०६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाने काँगोतल्या ओटा बेंगा या तरुणाला माकडघरात, दोहोंग नावाच्या ओरांगउटानच्या सोबतीला, लोकांसमोर ठेवलं. शहरातल्या कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी आवाज उठवल्यावर प्रदर्शन थांबलं. ओटा बेंगाने १९१६ साली स्वतःवर गोळी झाडून घेतली.

याच वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत सुटाबुटातले चिंपांझी फिरत होते. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू प्राणिसंग्रहालयातला ‘कॉन्सल’ १८९० च्या दशकात इतका गाजला की तो मेल्यावर पुढच्या चिंपांझींनाही तेच नाव मिळत गेलं. कॉन्सल एक असा नव्हताच, ती एक गादी होती. तो काट्याचमच्याने जेवायचा, सिगार ओढायचा, सायकल चालवायचा.

हे दोन खेळ शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. एका तंबूत वानर माणसाच्या पायरीवर चढवलं जातं, दुसऱ्यात माणूस वानराच्या पायरीवर उतरवला जातो. मधली पायरी एकच आहे, आणि तिच्यावर कोण उभं आहे हे तिकीट काढणाऱ्या गोऱ्या प्रेक्षकाला न सांगता कळत होतं. निकोलेचं माकड उमरावांच्या लाडक्याला हसलं. कॉन्सलच्या सुटाकडे पाहून लोक हसले ते त्या माणसांना, ज्यांनी साहेबाचा सूट नुकताच चढवला होता. आपल्याकडच्या शिकलेल्या ‘बाबू’चा वसाहतीत जो उपहास झाला, तो याच हास्याचा चुलतभाऊ. हे काम होण्यासाठी माकडाला चहा जवळजवळ नीट पिता आला पाहिजे. पूर्ण नीट पिता आला तर मात्र खेळ संपला.

४. शिकवलेलं अपयश

इथे माझ्या युक्तिवादाचा सांधा आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२६ पासून चिंपांझींच्या चहापानाचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो १९७२ पर्यंत चालला. फिरत्या सर्कशींनीही तो आपलासा केला. छोटं टेबल, त्यावर कापड, किटली, कप, केक, आणि भोवती चार-पाच पिल्लं. अडचण वेगळीच आली. फ्रान्स द वाल या वानरवर्तनाच्या अभ्यासकाने ती लिहून ठेवली आहे. पिल्लं फार लवकर शिकली. चहा ओतायचा, कप उचलायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हे सगळं त्यांना जमू लागलं. प्रेक्षक कंटाळले, काहीसे अस्वस्थही झाले. मग त्यांना बिघडायला शिकवण्यात आलं. केक फेकायचा, किटलीच्या तोटीला तोंड लावायचं, राखणदार मान वळवतो तेव्हा कप किटलीत टाकायचा.

पुन्हा वाचावं असं हे आहे. गोंधळ घालणं हा धडा होता. त्याला खूण होती, खाऊ होता, तालीम होती. पाहणाऱ्याला वाटलं, शिस्तीच्या पातळ पापुद्र्याखालून मूळ माकड बाहेर आलं. प्रत्यक्षात बाहेर आला तो दुसरा पापुद्रा.

याच्या समोर प्रयोगशाळेतलं एक दृश्य ठेवतो. १९०९ साली फिलाडेल्फियात पीटर नावाचा चिंपांझी मंचावर रोलर-स्केटवर फिरत होता, सिगारेट पेटवत होता. लाइटनर विट्मर या मानसशास्त्रज्ञाने तो खेळ पाहिला आणि पीटरला विद्यापीठात बोलावून चाचण्या घेतल्या. पीटरने हातोडीने खिळे ठोकले, कुलूप उघडलं, फळ्यावर काढून दाखवलेलं एक इंग्रजी अक्षर खडूने गिरवलं. विट्मरने लिहिलं त्याचा आशय असा, की याला लहानपणापासून मुलासारखं शिकवलं तर काय होईल हे पाहिलं पाहिजे. त्या खोलीत कोणी हसत नव्हतं. पीटर मात्र तोच होता.

५. हसू आणि दोरी

जवळून पाहण्यासारख्या दोन गोष्टी.

पहिली, चिंपांझीचं हसू. शुभेच्छापत्रांवर, जाहिरातींत, सर्कशीच्या भित्तिपत्रकांवर तो दोन्ही ओळींतले दात दाखवून हसताना दिसतो. चिंपांझी खेळताना, गुदगुल्या झाल्यावर हसतो तेव्हा तोंड सैल उघडं असतं आणि वरचे दात बहुधा ओठाखाली झाकलेले राहतात. ओठ मागे ओढून दोन्ही हिरड्या उघड्या पडतात तेव्हा तो घाबरलेला असतो, किंवा वरचढापुढे नमतं घेत असतो. छायाचित्रकाराला हवा तो चेहरा मिळवायचा तर कॅमेऱ्यामागे कोणीतरी उभं असावं लागतं. लाखो घरांत लहान मुलांनी तो चेहरा पाहून ‘बघ, हसतोय’ म्हटलं.

दुसरी, माकडवाल्याची दोरी. गल्लीत खेळ लागला की डुगडुगी उजव्या हातात असते आणि सगळे डोळे तिच्याकडे. ‘सासरी जातेस का गं?’ म्हटलं की परकर घातलेली माकडीण तोंड फिरवून बसते, पोरं खिदळतात. डाव्या हातात कमरपट्ट्याची दोरी असते. प्रश्न विचारताना ती जराशी सैल पडते आणि उत्तराच्या क्षणाला बोटभर ताणली जाते. माकडीण ऐकते ती दोरी. सासरचं गाऱ्हाणं आपलं आहे. तेही तिच्या डोक्यावर ठेवलं की हसून मोकळं होता येतं. तबेल्यातली बला, दुसरं काय?

६. वयाचा हिशेब

हा भाग थोडक्यात, कारण आकडेच बोलतात. चिंपांझीचं पिल्लू चार-पाच वर्षांचं होईपर्यंत आईच्या अंगावर पितं आणि त्यानंतरही काही वर्षं तिला सोडत नाही. रिंगणात काम करणारे चिंपांझी याच वयाचे असत. सात-आठ वर्षांनंतर अंगात ताकद येते, सुळे वाढतात आणि मालकाला चाबूक पुरत नाही. बंदिस्त चिंपांझी पन्नाशी गाठू शकतो. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या कामासाठी चाळीस वर्षांचा पिंजरा. शिवाय जंगलातून पिल्लू आणायचं तर आईला मारूनच आणत, कारण ती जिवंतपणी सोडत नाही.

आपण ज्याला ‘गंमतशीर म्हातारबुवा’ समजून हसलो, ते दुधाच्या दातांचं आईवेगळं पोर होतं.

७. आक्षेप

पहिला आक्षेप सर्कसवाल्यांचा, आणि तो सरसकट खोटा नाही: आम्ही जिवापाड प्रेम केलं. जर्मनीच्या कार्ल हागेनबेकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चाबकाऐवजी खाऊ आणि सवय यांवर आधारलेलं शिक्षण रूढ केलं, त्याचा दाखला दिला जातो. काही शिक्षकांच्या घरात चिंपांझी मुलांसारखे वाढले, एका बिछान्यात झोपले. मी ते नाकारत नाही. पण आईपासून तोडलेल्या पिल्लाला ज्याच्या गळ्यात पडावं असा एकच जीव उरतो, तेव्हा त्या मिठीला संमती म्हणता येत नाही. आणि मंचावरचं प्रेम मंचामागे टिकतंच असं नाही. १९८९ साली लास व्हेगासमधल्या बॉब बेरोसिनीच्या ओरांगउटानांना खेळाआधी पडद्यामागे बदडलं जात असल्याचं चित्रण त्याच कार्यक्रमातल्या एका नर्तकाने चोरून केलं. बेरोसिनीने बदनामीचा दावा लावला. १९९० साली ज्यूरीने त्याला चाळीस लाख डॉलरांहून अधिक भरपाई दिली. १९९४ साली नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दाव्यातली एक तक्रार अशी होती, की पडद्यामागच्या आपल्या खासगीपणावर आक्रमण झालं. ज्यांच्या आयुष्यात पडद्यामागे असं काही उरलंच नव्हतं, त्या ओरांगउटानांच्या खासगीपणाचा प्रश्न कोणी काढला नाही.

दुसरा आक्षेप: या खेळांमुळेच लोकांना वानरं माहीत झाली, जिव्हाळा वाटू लागला. ऐकायला बरं वाटतं. २००८ साली स्टीफन रॉस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकी लोकांच्या पाहणीचे आकडे दिले. गोरिला नामशेष होण्याच्या वाटेवर आहे हे ९५ टक्क्यांना ठाऊक होतं, ओरांगउटानबद्दल ९१ टक्क्यांना, चिंपांझीबद्दल फक्त ६६ टक्क्यांना. चिंपांझी धोक्यात नाही असं समजणाऱ्यांचं नेहमीचं कारण हे, की तो टीव्हीवर, जाहिरातींत, सिनेमात सगळीकडे दिसतो. जिव्हाळा वाढला असेल. ज्ञान मात्र घटलं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो. जोकरही मुद्दाम पडतो. दोरीवरून गडगडणारा विदूषक तंबूतला सर्वांत तरबेज कसरतपटू असतो. मग माकडाच्या मुद्दाम फसण्यात वेगळं काय? आणि चहाचे रीतिरिवाज ज्याला ठाऊकच नाहीत त्याचा अपमान होतो कसा? खरंय, माकडाला अपमान कळत नाही. जोकरला आपण कशावर हसवतोय ते कळतं, माकडाला कळतो तो खाऊ आणि मार. पण अपमान त्याच्यासाठी नव्हताच. पत्ता दुसऱ्याचा होता, माकड फक्त टपाल घेऊन जात होतं. ओटा बेंगाच्या गजाबाहेर उभ्या असलेल्या माणसांना ते पत्र व्यवस्थित पोचलं होतं.

८. कायद्याने काय पाहिलं

भारत सरकारने १९९१ साली आणि मग नव्याने १९९८ साली अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवणं आणि दाखवणं बंद केलं. सर्कसवाले धंद्याच्या हक्काचा मुद्दा घेऊन कोर्टात गेले. २००० साली केरळ उच्च न्यायालयाने बंदी योग्य ठरवली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. आधार १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा. निर्णय चांगलाच होता. पण कायद्याच्या तराजूत वेदना बसते, नजर बसत नाही. म्हणून बंदीनंतर तंबू रिकामे झाले तरी फ्रॉक घातलेलं माकडाचं पिल्लू मोबाइलच्या पडद्यावर बाटलीने दूध पितच आहे आणि आपण ते पुढे पाठवतच आहोत.

आणखी एक बोचणारी बाब. सर्कस मालकाला वकील परवडला. माकडवाला, ज्याची जात ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आणली होती, तो रातोरात पुन्हा एकदा गुन्हेगार झाला. त्याच्या माकडासाठी पिंजरा शोधला गेला, त्याच्यासाठी धंदा शोधला गेला नाही. जपानमध्येही माकड नाचवणारे अस्पृश्य मानलेल्या समाजातलेच. बला घेणाऱ्याची दोरी ज्याच्या हातात, बला त्यालाही लागते.

९. वयात आलेल्याचं काय

एक प्रश्न राहतो. पिल्लाला विदूषक केलं, मग वाढलेल्या वानराला काय करायचं? त्याला टोपी घालता येत नाही. मग त्याला राक्षस केलं.

१९३८ साली कर्जाने वाकलेल्या रिंगलिंग सर्कशीने ‘गार्गांट्युआ’ नावाचा गोरिला दौऱ्यावर काढला. पुण्याचे दामू धोत्रे पुढे याच सर्कशीत बिबळे घेऊन उतरत. त्या जनावरांना रिंगणात जनावर म्हणूनच मान होता. ती गुरकावली की लोक श्वास रोखत. गार्गांट्युआला काहीच करायचं नव्हतं. काचेच्या, वातानुकूलित पिंजऱ्यात बसून नुसतं दिसायचं होतं. जगातला सर्वांत भयानक जीव अशी जाहिरात, आणि पुरावा म्हणून त्याचा चेहरा: एका बाजूला वर ओढला गेलेला ओठ, कायमचं विचकलेलं तोंड. १९४१ साली टोटो नावाच्या गोरिला मादीशी त्याचं ‘लग्न’ही लावण्यात आलं. राक्षसालाही शेवटी संसारात बसवल्याशिवाय लोकांना राहवेना.

या राक्षसाचं आधीचं नाव बडी. ब्रुकलिनमध्ये गर्ट्रूड लिंट्झ या बाईंनी त्याला घरात वाढवलं होतं. त्याआधी, जहाजावरून येताना, एका खलाशाने त्याच्या तोंडावर ॲसिड फेकलं, आणि ओठ तेव्हापासून तसा ओढला गेला. १९४९ च्या नोव्हेंबरात मायामीत तो मेला, वय जेमतेम वीस. सांगाडा आता येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात आहे. शवविच्छेदनात न्यूमोनिया निघाला, कातडीचे आजार निघाले, आणि ज्या तोंडाला अकरा वर्षं लोक घाबरत आले त्या तोंडात चार अक्कलदाढा अडकून कुजलेल्या सापडल्या.